कुंदा सिस्टर उठल्या नाहीत

मित्रांनो, दवाखान्याच्या व्हरांड्यात औषधांच्या खिडकीजवळ जी चाकांची खुर्ची उभी असते ना, ती मी. रंग उडालेली, एका चाकानं करकर करणारी. माझा जन्म अकोल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिरांनी लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर हिरवं रेक्झिन ताणलं आणि मला मूर्तिजापूरजवळच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात पाठवून दिलं.

तिथं मला नर्स कुंदा सिस्टर भेटल्या. साप चावलेली, हाड मोडलेली, बाळंतपणाला अडलेली, कितीतरी माणसं त्यांनी माझ्यात बसवून नेली. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी त्या थांबायच्या, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घाबरू नका, देव हाये." माणसाचं थरथरणं तेवढ्यानं कमी व्हायचं. मला ते बसल्या जागी कळायचं. लोक त्यांना दुवा द्यायचे आणि जाता जाता माझ्याही हातावर थोपटायचे. अशा बाईच्या केसालाही देव धक्का लागू देणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

मग एका सकाळी व्हरांड्यासमोर गाडी थांबली. त्यांचे यजमान शेखरभाऊ उतरले. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा दणकट माणूस. त्यांनी कुंदा सिस्टरना उचललं आणि माझ्यात बसवलं. अमरावतीहून येताना त्यांची जीप उलटली होती. मणका मोडला होता. कमरेखाली जाणीव उरली नव्हती. जे हात मला मागून ढकलायचे, ते माझ्यावर निपचित पडले होते.

दवाखान्यानं मला त्यांच्याबरोबर घरी पाठवलं. घरच्यांसारखी मीही त्यांना 'ती' म्हणू लागले. शेखरभाऊंनी माझी चाकं नीट केली, गादी बदलली. चर्चच्या मंडळीतली माणसं यायची, प्रार्थना करायची. "विश्वास ठेव कुंदा, तू चालशील," असं प्रत्येकजण म्हणायचा. तिनं विश्वास ठेवलाही. म्हणूनच अमरावतीत चंगाई सभा भरली, रोग्यांसाठी मोठी प्रार्थना होणार असं कळलं, तेव्हा तिनंच हट्ट धरला.

मांडव माणसांनी फुलला होता. बाहेरगावचा एक उपदेशक माझ्यासमोर आला. त्यानं कुंदा सिस्टरच्या कपाळावर हात दाबला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "येशूच्या नावानं ऊठ." तिनं माझे दोन्ही हात गच्च धरले. तिच्या दंडातला सगळा जोर माझ्या नळ्यांत उतरला. तिनं अंग वर रेटलं, मी मागं सरकले आणि ती तोंडावर पडली.

गाणं थांबलं. पेटीचा एक सूर तेवढा राहून गेला.

"विश्वास कमी पडला," उपदेशक म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण ते शब्द ऐकून माझ्यात काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. शेखरभाऊ धावत येत होते. त्यांच्याआधी आमच्या चर्चचे म्हातारे पाळक, खुशालराव, तिथं पोचले. त्यांनी तिला उचलायची घाई केली नाही. ते तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.

"माहा विश्वास कमी पडला का, साहेब?" तिनं जमिनीकडे पाहत विचारलं.

"मले नाई माहीत, बाई," ते म्हणाले. "माह्या बायकोसाठी मीबी अशीच प्रार्थना केली होती. तरी गेली. कावून गेली, मले अजून समजलं नाई."

त्यानंतर कुंदा सिस्टर चर्चमध्ये गेली नाही. प्रार्थनेला आलेल्यांना ती दारातूनच परत पाठवायची. तिचं नेहमीचं गुणगुणणंही बंद झालं. खुशालराव मात्र येत राहिले. चहा प्यायचे, कपाशीच्या, पाण्याच्या गोष्टी करायचे आणि निघायचे. एका दुपारी तिनंच विचारलं, "साहेब, तुमी प्रार्थना कावून नाई करत?"

"तुह्या मनातलं मी कसं बोलू? तूच बोल त्याच्याशी."

"मी बोलली तं शिव्याच निघतील."

"निघू दे. त्यानं पहिलेबी आयकल्या हायेत."

आणि ती बोलली. मला वाटलं, आता छत कोसळणार. "तुह्यासाठी लोकायचे पाय धुतले म्या," ती म्हणाली, "माहेच पाय कावून घेतले? आन् चार लोकांत पाडलं कावून? तू हायेस का नाईस, तेवढं तरी सांग." मग ती रडली. अपघातानंतर पहिल्यांदा, पोटातून रडली. खुशालरावांचेही डोळे वाहत होते. आकाशातून कोणी बोललं नाही. पाय हलले नाहीत. मात्र माझ्या पाठीला टेकलेली तिची पाठ, जी इतके दिवस काठीसारखी ताठ होती, ती सैल पडली. तिनं पूर्ण भार माझ्यावर टाकला.

शेवटी ती हळू म्हणाली, "उत्तर नाई भेटलं, साहेब. पण कोणी तरी आयकून राह्यलं होतं."

मी चकितच झाले. चमत्कार म्हणजे उभं राहणं, एवढंच मला माहीत होतं.

आता आम्ही दोघी पुन्हा दवाखान्यात जातो, औषधांच्या खिडकीजवळ थांबून रोग्यांना धीर देतो. परवा पातूरकडची अपेक्षा नावाची एक शेतकऱ्याची पोरगी आली. माळ्यावरून पडून तिच्या पायातलं बळ गेलं होतं. कुंदा सिस्टरनं मला तिच्या खाटेला लावलं.

"मी चालीन का?" अपेक्षानं विचारलं.

"मले नाई माहीत. रडाचं असंन तं रड. मी इथंच हाये."

पोरगी खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्या देवानं तुमाले बरं नाई केलं. तरी तुमी त्याले कावून धरून बसल्या?"

कुंदा सिस्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माह्या हातातून तं तो सुटलाच होता, बाई. त्यानं मले सोडलं नाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्या तुम्हाला जागोजागी दिसतील. त्यांच्या चाकांना तेल द्या, त्यांना पावसात टाकू नका. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या विश्वासाचं माप काढू नका. त्याला ऊठ म्हणायच्या आधी त्याच्याजवळ खाली बसा, आणि तो देवाशी भांडत असेल तर त्याला मधेच थांबवू नका.