एव्हरेट ते वेनाची, बारा मिनिटं

आमची लेक प्रीता आज पहिल्यांदाच एकटी डोंगरांपलीकडे विमान नेणार होती, घराजवळच्या एव्हरेट विमानतळावरून वेनाची गावाला. शिकवणारा बरोबर नाही, शेजारची सीट रिकामी. घरातून निघताना सुमेधाने तिच्या तळहातावर दही घातलं.

"मम्मा, आय कान्ट फ्लाय विथ स्टिकी हँड्स!" म्हणत तिने ते चाटलं, हात धुतले आणि गेली.

तासाभराने तिचा मेसेज आला, "टेकिंग ऑफ."

"किती वेळ लागतो हो?" सुमेधाने विचारलं. चेहरा पार उतरला होता तिचा. मला तो बघवत नाही, आणि प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवतही नाही. जन्मभर इंजिनिअर म्हणून पूल बांधले, दुसरं काय येणार! फोनवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. अंतर शंभरेक मैल, प्रवासाचा वेळ बारा मिनिटं.

"बारा मिनिटं," मी ऐटीत सांगितलं. "चहा टाक. गार व्हायच्या आत 'पोचले' म्हणून फोन येईल."

चहा गार झाला. त्यावर साय धरली.

"ट्रॅफिक असेल," मी म्हणालो.

"आकाशात?"

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खिडकीतून पूर्वेकडे पाहिलं तर डोंगरांवर ढग उतरलेले. आमच्या बॉथेल गावात ढगांचं काय कौतुक, रोजचेच! पण आज मी खिडकीतून हलेना. पाऊण तास होऊन गेला, इतका वेळ ती त्या ढगांत करतेय काय? विमान आहे कुठे? सुमेधा एरवी सारखी बोलत असते, तिला गप्प बस म्हणून मीच ओरडतो. आता ती देवासमोर उभी होती आणि तोंडातून शब्द नव्हता. तेव्हा मी खरा घाबरलो.

"चल," मी म्हणालो. "गाडीत बस."

"कुठे जायचं?"

"डोंगराकडे."

तिथे जाऊन काय करणार होतो, देव जाणे. गॅरेजमध्ये गाडी सुरू केली आणि तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला.

"बाबा, पोचले!"

"बारा मिनिटांचा रस्ता! होतीस कुठे?" मी ओरडलोच.

"ट्वेल्व्ह? बाबा, दॅट्स फॉर अ जेट! माझं विमान केवढंसं आहे. ऑलमोस्ट तास लागतो. आय अ‍ॅम ऑन टाइम!"

सुमेधा पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग प्रीताच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, डोंगरावर खूप हललं. आय वॉज रिअली स्केअर्ड."

"विमान तिथेच ठेव. आम्ही गाडीने न्यायला येतो तुला."

"नो, बाबा. मला ते परत आणायचंय."

सुमेधा जोरजोरात मान हलवून मला नाही म्हण, नाही म्हण करत होती. माझ्याही ओठांवर तेच होतं.

"सावकाश ये," मी म्हणालो. विमानाला सावकाश म्हणतात का, कोण जाणे.

फोन बंद झाला. मी गाडी बंद केली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

"आता किती वेळ हो?" सुमेधाने विचारलं.

"ती दारात येईपर्यंत," मी म्हणालो.