कानाच्या पाळीची काच

शहाऐंशी सालची गोष्ट. मले महारोग निंगाला अन् माह्या नवऱ्यानं, कमलाच्या बापानं, तीन वर्सं मले गोठ्यात ठेवलं. ज्या माणसाच्या बापाले गावानं विहिरीवर चढू देल्लं नाई, त्यानं! पोरगी कमला दारातूनच बोले माह्यासंग. गोळ्या मी एक दिवस चुकवल्या नाई. शेवटी दवाखान्यात रोग्याचा रस काचेवर घेऊन भिंगाखाली तपासणारे नईमभाऊ म्हणाले, "अंजनाबाई, तुमची काच साफ आली. खुशाल घरात राहा."

पण हा माणूस आयकते का? म्हणे, "मी सोताच्या डोयानं पाहीन, मंगच घरात घेईन." माही तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बी बसमधी बसवून त्याले भद्रावतीच्या दवाखान्यात आणलं.

नईमभाऊनं त्याच्यासमोर माह्या कानाच्या पाळीतला रस काचेवर घेतला, लाल रंग ओतला, खालून गरम केला.

"या जंतूच्या अंगावर मेणासारखं असते, देवाजीभाऊ. गरम केला का रंग आत शिरते. मंग तेजाबानं धुतलं का बाकी सगळ्याचा लाल निघून जाते, जंतूचा नाई निघत. वरून निळा टाकतो. लाल काड्या दिसल्या तर रोग."

कमलाच्या बापानं भिंगात पाह्यलं. निस्तं निळं. माह्या जीवात जीव आला. पण याचा हेका सुटते का?

"साफ माणसाची काच अशीच दिसते कशावरून?" म्हणे. "मले काई नाई. माही बी काच करा. सारखी दिसली तर मानतो."

नईमभाऊनं त्याची जाड, तेलकट पाळी बोटानं चाचपून पाह्यली. काच रंगवली, आधी सोता पाह्यली. मंग उठून त्याले खुर्ची देल्ली.

"लाल आहे," कमलाचा बाप म्हणे. "हिच्यापासून लागला?"

"कोणापासून कोणाले गेला, ते काचेवर दिसत नाई भाऊ. तुमालेच आधी असन कदाचित. गोळ्या घ्या, बरे व्हान."

असं कधी झालं तर मी पोट धरून हासीन, असं वाटे मले. पण तो बाहेर पायरीवर जाऊन बसला अन् मले रडूच आलं त्याच्यासाठी. बस आली, गेली. तो काई उठेना.

"चला," मी म्हटलं.

"गोठ्यात दोघाले जागा होईन का?" त्यानं इचारलं.

"गोठ्यात बैल राह्यतेत. आपण घरात राहू."

तीन वर्सात त्यानं मले शिवलं नव्हतं. मी हात धरून उठवलं, तर त्यानं बसमधी बी तो सोडला नाई.