स्वतः करते

"दप्तर स्वतः भरते?"

"हो," ताई म्हणाल्या. "आधी डबा, मग वह्या, मग कंपासपेटी. क्रम चुकला तर सगळं बाहेर काढून पुन्हा भरते. पण भरते."

समोर बसलेल्या तपासनीस बाईंनी 'स्वतः करते' या रकान्यात बरोबरची खूण केली. त्या दिवसापुरती शाळेची प्रयोगशाळा त्यांना दिली होती. खिडक्या बंद होत्या आणि सिंकमधून कसलातरी आंबट वास येत होता.

"तहान लागली तर सांगते?"

"आधी नुसती बाटली दाखवायची. आता 'पाणी' म्हणते."

आणखी एक खूण.

"वर्गात सलग किती वेळ बसते?"

"पूर्ण तास." हे सांगताना ताईंचा आवाज चढलाच. तीन वर्षांपूर्वी मुंगी जेमतेम चार मिनिटं बसायची.

मुंगी हे तिला वर्गाने दिलेलं नाव. खडूचे बारीक तुकडे ती बाकावर एका ओळीत मांडत राहायची, म्हणून. नऊ वर्षांची, स्वमग्न, बोलली तर एका वेळी एकच शब्द. मागून कोणी खांद्याला हात लावला की किंचाळायची, आणि मोठा आवाज झाला की कान दाबून जिथे असेल तिथेच थिजायची. ताई तिच्या मदतनीस. वर्गात तिच्या शेजारच्या छोट्या स्टुलावर बसायचं आणि शाळा सुटेपर्यंत तिला शाळेत टिकवायचं, हे त्यांचं काम. चौदा वर्षांत अशी पाच मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. रोज संध्याकाळी त्या डायरीत दोन-चार ओळी लिहायच्या. 'आज दप्तर स्वतः भरलं.' 'आज ओरडली नाही.'

वीस प्रश्न संपले तेव्हा 'स्वतः करते'च्या रकान्यात सतरा खुणा होत्या. तपासनीस बाईंनी डायरी मागून घेतली, पानांचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "फार छान काम केलंत हो तुम्ही."

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी जाताना ताईंची चप्पल तुटली, तरी त्या तशाच फरफटत, हसतमुखाने घरी पोचल्या.

पंधरा दिवसांनी आदेश आला. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना खोलीत बोलावून दार ओढून घेतलं.

"ताई, नवीन धोरण आलंय. प्रत्येक मूल स्वतःच्या पायावर, वगैरे. जे मूल स्वतः करतं, त्याला पूर्णवेळ मदतनीस नाही. दहाच्या वर खुणा झाल्या की मदत बंद."

"बंद म्हणजे?"

"तुमची बदली झालीय. पलीकडच्या दोन शाळा. मुंगीकडे आठवड्यातून एक तास यायचं, पाठपुरावा म्हणून."

"अहो बाई, पण ती हे सगळं करते ते मी शेजारी असते म्हणून! मी नुसती मान हलवते, मग ती वही काढते. मी स्टुलावर नसले तर..."

"तसं विचारलं होतं का त्यांनी?"

तसं विचारलंच नव्हतं. 'करते का' एवढंच विचारलं होतं.

"मग मला आधी सांगायचं नाही का कोणी?"

"मलाच कुठे माहीत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मुंगीची आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. कामावर गेलं की फोन कपाटात कुलूपबंद. संध्याकाळी सहाला हातात मिळायचा. बातमी कळली त्या संध्याकाळी ती तशीच ताईंच्या दारात आली. तिच्या ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

"ताई, तुम्ही सगळ्याला हो म्हणालात?"

"खरं होतं ते."

"मला ठाऊक आहे खरं होतं." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उंबऱ्यापाशी उभी राहिली. "मीच तर शेजारणीला सांगत फिरत होते, माझी लेक आता सगळं करते म्हणून."

पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. ताई नव्या शाळेत असायच्या, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावायच्या. अकराव्या दिवशी शाळेची विजेची घंटा बिघडली आणि तीन मिनिटं वाजतच राहिली. वर्गात बेचाळीस मुलं, आणि सर एकटे. घंटा थांबली तेव्हा मुंगी बाकावर नव्हती. दीड तासाने ती मोडक्या बाकांच्या खोलीत, बाकांच्या ढिगामागे सापडली. मनगट तिने स्वतःच चावलं होतं, रक्त येईपर्यंत. तोवर तिच्या आईचा फोन कारखान्यातल्या कपाटात सतरा वेळा वाजून थांबला होता.

घटना नोंदवहीत लिहिली गेली. क्रमांक एक.

आठवड्याच्या पाठपुराव्याला ताई आल्या तेव्हा मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिच्या बाकावर खडूचा एकही तुकडा नव्हता. "मीच उचलून ठेवले," सर ओशाळून म्हणाले. "बाकीची मुलं फेकाफेकी करतात हो. एकटा कुठे कुठे बघू?" ताईंनी त्यांना दोष दिला नाही. तासभर त्या स्टुलावर बसल्या. शेवटच्या पाच मिनिटांत मुंगीने एक वही बाहेर काढली. तेवढ्यात त्यांची जायची वेळ झाली.

महिन्याभरात दुसरी घटना घडली. सामान घेऊन आलेल्या टेंपोसाठी मागचं फाटक उघडं राहिलं होतं. मुंगी बाहेर पडली, आणि कोणीतरी हॉर्न वाजवताच रस्त्याच्या मधोमध कान दाबून थिजली. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाला खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकला, असं फाटकाजवळच्या दुकानदाराने सांगितलं.

"नियम असा आहे," मोठ्या बाई ताईंना म्हणाल्या, "की एका सत्रात तीन गंभीर घटना झाल्या तर फेरतपासणी मागता येते. दोन झाल्यात. आता एक झाली की मी लगेच..."

त्या मध्येच थांबल्या. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी टेबलावरचे कागद उगीचच सारखे केले.

त्यानंतर सगळेच तिसरीची वाट पाहू लागले. कोणी तसं म्हणत नव्हतं, पण मोठ्या बाई रोज सुटताना नोंदवही उघडून बघायच्या. आणि मुंगीच्या आईने तर एके दिवशी ताईंना विचारलंच, "तिसरी लहानशी असली तर चालते का हो? मनगटासारखी? ते लिहितात ना गंभीर म्हणून?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती.

ताईंच्या नवऱ्याने आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक टपाल सांभाळलं होतं. कागद वाचावा तर त्यांनीच. त्यांनी तो अकरा पानी आदेश चष्मा बदलून दोनदा वाचला आणि नवव्या पानावर नख ठेवलं.

"हे बघ. मूल्यांकनाला आधार असलेल्या नोंदी खोट्या निघाल्या तर मूल्यांकन रद्द. आणि रद्द झालं तर पुढच्या तपासणीपर्यंत साहाय्य पूर्ववत."

"म्हणजे माझी डायरी खोटी ठरली तर?"

"तर पोरीला मदतनीस मिळेल. आणि तुला घरी बसवतील." त्यांनी चष्मा काढला. "मी फक्त वाचून दाखवलं हं. करच असं म्हणत नाहीये."

"पण एक ओळसुद्धा खोटी नाही हो त्यात."

"ते मला सांगू नकोस. तू काय लिहितेस ते मी रोज बघत होतो. भात करपवून लिहायचीस."

ताई हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रजा टाकून त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या आणि तपासनीस बाईंपुढे कागद ठेवला. त्यात चारच ओळी होत्या. 'सदर विद्यार्थिनीच्या प्रगतीच्या नोंदी मी प्रत्यक्ष न पाहता, काम चांगलं दिसावं म्हणून लिहिल्या. त्या खऱ्या नाहीत.' खाली सही.

तपासनीस बाईंनी कागद वाचला. उठून त्यांनी पंखा कमी केला आणि पुन्हा बसल्या.

"ताई, हे काय लिहून देताय, कळतंय ना? तुम्हाला पुन्हा कुठल्याच शाळेत घेणार नाहीत."

"कळतंय."

"पण त्या दिवशी वर्गाच्या दारातून मी स्वतः तिला पाहिलंय. ती बसते."

"माझ्याजवळ बसते," ताई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर तीन आया कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचा मुलगा भिंतीवर डोकं आपटत होता, एका संथ लयीत, आणि ती प्रत्येक वेळी मध्ये आपला तळहात धरत होती. तपासनीस बाईंनी तिकडे पाहिलं. मग शिक्का ओढून कागदावर मारला, आणि आवक क्रमांक घातला.

सगळं पटापट झालं. दहा दिवसांत मुंगीला मदतनीस मंजूर झाली, पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत. ताईंना पत्र आलं: विश्वासार्हता संपुष्टात आल्याने सेवा समाप्त. शाळेत कुजबुज सुरू झाली. सर म्हणाले, आपण तर रोज डोळ्यांनी पाहत होतो, पण ताईंनीच कबूल केलंय म्हटल्यावर काय बोलणार? ज्यांच्या मुलांना ताईंनी पूर्वी सांभाळलं होतं, त्यांतल्या एका वडिलांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "आमच्या पोराचंही तसंच लिहिलं होतं का हो?" ताईंना वाटलं, याला तरी सांगावं. पण सांगितलं असतं तर सगळंच फिरलं असतं. त्या मान खाली घालून पुढे गेल्या.

मुंगीची आई भाजीच्या दुकानात भेटली. ताईंच्या घरी जाऊ नका, चौकशी उलटेल, असं तिला मोठ्या बाईंनी बजावलं होतं. तिने गर्दीत ताईंचा हात घट्ट धरला आणि बटाटे निवडत असल्यासारखी नजर खाली ठेवून उभी राहिली. मग हात सोडून निघून गेली.

नवीन मदतनीस चोवीस वर्षांची होती. तिने मात्र कोणाला न विचारता पत्ता शोधून काढला आणि एका रविवारी दुपारी ती घरी आली. मुंगीला काय आवडतं, कशाने बिघडतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. डायरी कचेरीत जप्त होती. ताईंनी सगळं तोंडी सांगितलं. मागून यायचं नाही. मान हलवायची, बोलायचं नाही. खडू उचलायचे नाहीत. मग ती अधूनमधून येऊ लागली.

पुढच्या तपासणीला दोन महिने उरले असताना ती एकदा आली, तीच मुळी धावत.

"ताई, काल काय झालं माहितीय? शेजारची मुलगी बाकावर पसरून बसली होती. तर मुंगी तिला म्हणाली, 'सरक ना जरा'! तीन शब्द, ताई! आणि ती सरकली! मी रात्रीच डायरीत लिहिणार होते, पण म्हटलं आधी तुम्हाला..."

"लिहिलंस?"

"नाही अजून."

"लिहू नकोस."

पोरीचा चेहरा पडला. "मग काय लिहू?"

"विशेष बदल नाही, असं लिही. तारीख घाल आणि सही कर."

तिने ताईंकडे पाहिलं. मग तिला समजलं, आणि तिने मान खाली घातली.

ताई उठल्या. दार उघडं होतं, शेजारीण बाहेर कपडे वाळत घालत होती. त्यांनी दार लोटून घेतलं, आतून कडी लावली, खिडकीही ओढून घेतली. मग खुर्ची त्या पोरीच्या अगदी जवळ सरकवून बसल्या.

"आता सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कशी म्हणाली? आवाज कसा होता तिचा?"