न सुकलेलं गाऱ्हाणं

मी शाई बोलतेय. शाळेच्या बाकावर सांडली तरी ओल्या फडक्याने निघून जाणारी ती पाणचट शाई नव्हे, मी गडद जातीची. माझ्यात रंग इतका घातलाय की पाण्याला तो धड पेलवत नाही. चहात साखर जास्त झाली की तळाशी उरते ना, तसं काहीसं. कागदावर मी निळी उमटते आणि कागद जरा तिरका धरला की माझ्या अंगावर तांबूस तकाकी येते. ती पाहून माणसं हरखतात. मलाही त्या कौतुकाची सवय लागली होती, खोटं कशाला सांगू.

कारखान्यात मला जाड काचेच्या बाटलीत भरलं आणि मुंबईच्या सुशांतने मला विकत घेतलं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. असल्यांनाच शाईचं वेड लागतं. त्याच्या फोनवर शाईवेड्यांचा एक गट होता आणि तिथे माझ्या जातीवरून सतत वाद चालत. कोणी म्हणे, हिच्याशिवाय अक्षराला जीव नाही. कोणी म्हणे, पेनात चार दिवस पडून राहिली तर निबवर खपली धरते, आणि पेनाचं पोट एकदा निळं केलं की ते निळंच राहतं. दमट हवेत राहणारे बिचारे रडत, महिना झाला तरी बोट लागलं की अक्षर फरफटतं म्हणून. सगळे खरंच बोलत होते. सुशांत ते वाचायचा, हसायचा आणि पुन्हा माझ्यातच निब बुडवायचा.

मग एका पावसाळ्यात तो मला घेऊन गावी आला. मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. घरात त्याचे वडील भिकाजी आणि आई तुळसा, दोघंच. भिकाजींचं सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. नारळी पौर्णिमेला गाव समुद्राला नारळ देतो, आणि त्याआधी किनाऱ्यावर गाऱ्हाणं घालायचा मान याच घराचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मांडलेलं मागणं. एकाने मोठ्याने म्हणायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. या गाऱ्हाण्यात खाडीतला एकेक खडक नावाने येतो, एकेक भोवरा येतो, आणि ज्यांच्या होड्या परत आल्या नाहीत ती माणसंही येतात. एकही नाव सुटता कामा नये. ती सगळी नावं भिकाजींच्या डोक्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

आणि ते डोकं आता रिकामं होत चाललं होतं. जेवून उठले की ते पुन्हा पाटावर येऊन बसत आणि तुळसाकाकी जेवायला का वाढत नाहीत म्हणून रुसत. डॉक्टरांनी सुशांतला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हे थांबणारं नाही, वाढत जाणारं आहे.

सुशांतने आधी फोन पुढे केला. बाबांनी म्हणावं, आपण रेकॉर्ड करू. मागच्या वर्षांचे व्हिडिओ होते, पण त्यात ढोल आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. भिकाजींनी मान हलवली. त्या दिवशी ते अगदी शुद्धीवर होते.

“नावान हाक मारली काय ती माणसां येतत,” ते म्हणाले. “नारळ नसताना बोलवलंस, तर येवन बसल्यार तेंका काय देतलंस?”

सुशांतने फोन खिशात ठेवला. शेवटी लिहून ठेवायचं ठरलं. लिहिताना तोंड उघडत नाही, त्यामुळे कोणाला हाक जात नाही. मात्र पौर्णिमेला देवापुढे ठेवून त्याचा कौल मिळाल्याशिवाय ते कोणी वाचायचं नाही आणि त्याचा फोटोही काढायचा नाही, असं भिकाजींनी सुशांतकडून कबूल करून घेतलं.

सुशांतने दोन बाटल्या आणल्या होत्या. एक मी. दुसरी राखाडी, मरगळलेल्या चेहऱ्याची, पण पाण्याला दाद न देणारी. तिचं अक्षर कागदात मुरतं आणि मग नळाखाली धरलं तरी हलत नाही. सुशांतने तीच पुढे केली. पण भिकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या राखाडी ओळी त्यांना दिसेनात. मग माझी एक रेघ ओढली, आणि म्हातारा एवढा खुलला की तुळसाकाकी स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

“ही राख नको माका,” ते म्हणाले. “माका दिसाक व्हया.”

“बाबा, ही लवकर सुकणा नाय.”

“सुकतली रे. आमका खंय घाई आसा?”

खरं सांगते, मला तेव्हा फार बरं वाटलं. त्या राखाडीकडे मी तोऱ्यात पाहिलं. आणि माझा उपयोगही होता. बॉलपेन दाबायची ताकद त्यांच्या बोटांत उरली नव्हती, माझ्यासाठी ती लागत नव्हती. निब कागदाला टेकला की मी आपणहून वाहत होते. जवळच्या कट्टा गावच्या बाजारातला साधा कागद मला पितो आणि अक्षर पसरवतो, म्हणून सुशांतने मुंबईहून गुळगुळीत जाड कागद आणला होता. त्यावर मी मुरत नाही, वरच्यावर पसरून राहते. तिथेच माझी तकाकी खुलते.

सुशांत रजा संपून गेला आणि भिकाजी रोज सकाळी खिडकीशी लिहायला बसू लागले. ओठ घट्ट मिटलेले. आठवलं की एक नाव उतरायचं, नाही आठवलं की ते समुद्राकडे बघत बसायचे. काही दिवस कोरेच जायचे. पण आदली पानं समोर धरली की माझा रंग त्यांच्या डोळ्यांत भरायचा, बोट एका नावावरून दुसऱ्यावर जायचं आणि मागचं विसरलेलं एखादं पुढे यायचं. ती नावं माझ्याच अंगाने लिहिली गेली, तरी मला ती ठाऊक नाहीत. मला वाचता येत नाही. हात कुठे वळला आणि कुठे अडला, तेवढंच मला कळतं.

श्रावण लागला. भिंतींना ओल, मीठ पाणावलेलं, दोरीवरचे कपडे दमट ते दमटच. मी कशी सुकणार? त्यांच्या बोटाला मी रोज लागायची, धोतराला लागायची आणि तुळसाकाकी ते धुवायच्या.

पौर्णिमेच्या आधी काम पूर्ण झालं. सुशांत आला. पौर्णिमेच्या सकाळी बापलेक राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, घुमटीकडे गेले. मी त्या कागदांवर होते, म्हणून मलाही जाता आलं. घुमटीत आता गावच्या मुंबईकरांनी पांढऱ्या लाद्या बसवल्यात. भिकाजींनी पाषाणापुढे पानं ठेवली, त्यावर तुळशीचं पान ठेवलं. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

देवाला जे द्यायचं त्यावर पाणी सोडायचं असतं. आयुष्यभर ते असंच करत आले होते. डोकं विसरत होतं, हात विसरले नव्हते. सुशांतने हात पुढे केला, “बाबा,” म्हणाला, आणि तसाच थांबला. देवापुढे पाणी सोडणाऱ्याचा हात आपल्याकडे कोणी धरत नाही.

पाणी पडलं आणि मी निघाले. मला धरून ठेवायला त्या कागदात काही नव्हतं. मी निळी होऊन वाहिले, लाद्यांवर पसरले, सांध्यांतून आत शिरले. खडक, भोवरे, बुडालेली माणसं, सगळी एका रंगाची झाली. भिकाजींनी समाधानाने हात जोडले होते. त्यांच्या दृष्टीने देवाने सगळं घेतलं होतं.

घरी आल्यावर सुशांतने कोरा कागद मांडला, पेन बाबांच्या हातात दिलं. त्यांनी सुंदर, ठसठशीत अक्षरात ‘बा देवा म्हाराजा’ लिहिलं आणि वर पाहिलं.

“फुडे काय रे?” त्यांनी विचारलं.

ते ऐकून सुशांत उठून पडवीत गेला.

संध्याकाळी सगळा गाव किनाऱ्यावर जमला. सुशांत मला खिशात घेऊन गेला होता, म्हणजे ते पेन. नारळ हातात घेऊन तो उभा राहिला आणि ती एक ओळ म्हणाला. लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. मग सगळे पुढच्या ओळीची वाट पाहू लागले. तेवढ्यात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या भिकाजींनी, बाकीच्यांचं म्हणून झाल्यावर, खणखणीत आवाजात म्हटलं, “होय म्हाराजा.” ज्यांनी जन्मभर पुढे म्हटलं, ते आता मागून म्हणणाऱ्यांतले एक झाले होते. मग कोणीतरी सुशांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि नारळ पाण्यात गेला.

पुढच्या पौर्णिमेला भटजींकडून मंत्र म्हणून घ्यायचे, असं गावाने ठरवलंय. सुशांत मुंबईला परतला, मला इथेच ठेवून. त्याने शाईचा तो गट सोडला, असं तो फोनवर आईला सांगत होता. मी खिडकीत आहे, अर्धी. झाकणाभोवती माझी खपली साचलीय. घुमटीतल्या सांध्यांतले डाग मात्र अजून गेलेले नाहीत. साबण झाला, काथ्याने घासून झालं. जिथे टिकायला हवं होतं तिथे मी एक सकाळही टिकले नाही.

तुमच्याही घरात असं सगळं डोक्यात घेऊन बसलेलं कोणी असेल, तर माझ्या रंगाला भुलू नका. त्या राखाडीने लिहून घ्या. त्यांना दिसत नसेल तर तुम्ही शेजारी बसा. आणि हे वाचेपर्यंत उशीर झाला असेल, तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

भिकाजी अजून रोज सकाळी खिडकीशी येतात. माझं झाकण उघडतात, आत बोट घालून बघतात आणि मग तेच बोट तुळसाकाकींपुढे धरतात.

“ह्या काय लागला गो माझ्या हाताक?”

“शाई. तुमी लिवीत होतास.”

“काय लिवीत होतंय?”

“नावां.”

“कोणाची?”

तुळसाकाकी पदर ओला करतात आणि त्यांचं बोट पुसत बसतात. मी निघत नाही.