भोंग्याची वरची कवळी

मंगळवारी सकाळी पावणेदहाला भोंग्याची वरची कवळी खिडकीतून बाहेर गेली, आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणाला काय बोलावं ते सुचेना.

भोंगा म्हणजे कवळ्या करणाऱ्या बाईचे सासरे. तेहतीस वर्षं अग्निशमन दलात काढली. आगी किती विझवल्या ते आठवत नाही, पण दलाच्या बँडमध्ये ट्रम्पेटवर कुठली धून कधी वाजवली ते तारीखवार सांगतील. भोंगा हे नाव दलातल्यांनी ठेवलं आणि असं चिकटलं की घरात बायकोसुद्धा रागावली की तेच वापरते. सासूबाई बाजारात गेल्या रे गेल्या की खिडकी उघडायची, छाती फुगवायची आणि सगळ्या गल्लीला वेठीस धरायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. त्या दिवशी वरच्या सुराला हात घालणार तोच शिंक आली. ट्रम्पेट हातात राहिलं, कवळी दोन मजले खाली गेली. कचऱ्याची गाडी तिच्यावरून पुढे गेली, मग जागा नीट सापडली नाही म्हणून मागेही आली. शंकेला वावच ठेवला नाही.

शनिवारी दलाच्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं आणि पहिली धून सासऱ्यांनी एकट्याने वाजवायची असं ठरलं होतं. वय बहात्तर. असं बोलावणं पुन्हा येणार नाही हे त्यांनाही कळत होतं, म्हणून महिनाभर गल्लीचे हाल चालले होते.

चार दिवसांत एक कवळी काय जड आहे, असं कुणालाही वाटेल. सुनेचा तर धंदाच तो. घराच्या मागच्या खोलीत तिची भट्टी, तिचा थ्रीडी प्रिंटर, आणि गावातले सगळे दातांचे डॉक्टर तिच्याकडे मापं पाठवणारे. पण ट्रम्पेटवाल्याचं तोंड साधं नसतं. वरच्या पुढच्या दातांवर ओठ टेकतो, ओठावर पितळ टेकतं. दात केसभर पुढे आले की सूर फाटतो, केसभर मागे गेले की नुसती हवा. पाच वर्षांपूर्वी, सासऱ्यांचे स्वतःचे दात संपले तेव्हा, तिनं त्यांच्यासाठी एकामागोमाग एक दहा कवळ्या केल्या होत्या. ते प्रत्येक कवळी लावून दोन फुंकरा मारायचे आणि मान हलवायचे. सून नुसती रडायची बाकी होती. अकरावी लावली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. तिनं ती काढून घेऊन आधी स्कॅन केली, मग परत दिली.

"घाबरताय कशाला, बाबा?" ती आता म्हणाली. "माझ्याकडे फाईल आहे. हिरड्या आक्रसल्या असतील, तेवढं आतून अस्तर लावून भरून काढते. परवा तोंडात असेल तुमच्या."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. दात नसलेला चेहरा उजळला की फार वाईट दिसतो, पण ते असो.

त्या फाईलची कथा अशी. अकरावी कवळी झाली त्याच वर्षी सुनेला प्लास्टरचा वीट आला. फळ्याफळ्यांवर परक्यांचे जबडे दात विचकून बसलेले, आणि झाडून झाडून तिची कंबर गेलेली. तिनं तीनशे जबडे स्कॅन केले, काडेपेटीएवढ्या दोन एसएसडी डिस्क आणल्या, दोन्हींवर सगळं उतरवलं आणि प्लास्टरचे जबडे पोत्यांत भरून काढून टाकले. त्या दिवशी तिनं घरच्यांना नव्या युगावर छोटंसं भाषणही दिलं होतं. एक एसएसडी त्या आवराआवरीत गायब झाली. ती सासऱ्यांनीच कुठेतरी हरवली, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना ऐकवलं. दुसरी मात्र तिनं जिवापाड जपली. पुडीत, पुडी पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि डबा भट्टीच्या वरच्या फळीवर. तिथे दमट हवा फिरकायची सोय नव्हती. पाच वर्षांत तिनं त्या डब्याला बोट लावलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता.

मंगळवारी दुपारी तिनं चिकटपट्टी कापली, डिस्क जोडली. यादी उघडली. सासऱ्यांची खालची कवळी झकास उघडली. वरची उघडेना. चौथ्या खेपेला उघडली ती अशी, की टाळू जागेवर आणि पुढचे सहा दात कसर लागल्यासारखे खाल्लेले.

बुधवारी ती सर्जनकडे गेली. सर्जन म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. शस्त्रक्रिया केल्यासारखा हातमोजे घालून बसतो, म्हणून हे नाव. त्यानं दिवसभर डिस्क घोळवली.

"गरम जागी होती का?" त्यानं विचारलं.

"कोरड्या जागी होती."

"वहिनी, मी गरम विचारलं."

"भट्टीच्या वर. पण गच्च बंद डब्यात!"

"मुरायला घातली होती का?"

मग त्यालाच थोडी दया आली.

"हे बघा, यात काही कोरून ठेवलेलं नसतं. बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यांत कणभर वीज कोंडलेली असते. किती आहे त्यावरून शून्य की एक ते कळतं. डिस्क नुसतीच पडून राहिली की ती वीज हळूहळू झिरपते. उष्णतेत लवकर झिरपते. डिस्क जोडलेली असली तर बऱ्याचदा ती स्वतःच आत फिरून बघते आणि जिथे पुसट झालंय तिथे पुन्हा लिहून काढते. तुम्ही तिला पाच वर्षं ते करूच दिलं नाहीत."

"म्हणजे मी जपली म्हणून गेली?"

"अगदी जपून जपून घालवलीत. तीनशेतले चाळीसेक जबडे असेच आहेत." त्यानं हातमोजे काढले. "यापुढे दर दोन-तीन महिन्यांनी जोडत जा. दिवा लागला की उपटायची नाही. सगळ्या फाईली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू द्यायच्या. प्रत्येकीचा ताळा काढून ठेवायचा, म्हणजे एक जरी बिघडली तरी तो जुळत नाही आणि आपण वेळेवर जागे होतो. ठेवायची गार जागी. आणि एक प्रत वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर. दुसरी प्रत नव्हतीच का?"

"होती," सून म्हणाली. "सासऱ्यांनी हरवली."

घरी येऊन तिनं कंबर कसली. फोटो बघून, आठवून, अंदाजानं तिनं बारावी कवळी केली. गुरुवारी सकाळी तेरावी केली. सासऱ्यांनी दोन्ही लावून पाहिल्या. बारावीतून ओल्या बुटासारखा आवाज आला, तेरावीतून तोही नाही. त्यांनी तक्रार केली नाही, हीच मोठी पंचाईत होती. ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी सुनेच्या टेबलावर आणून ठेवली.

"दलात कुणाला तरी देऊन टाक. आणि शनिवारचं कळवून टाक त्यांना. तू खूप केलंस गं."

ज्या माणसाला आपण पाच वर्षं हलगर्जी म्हणून टोचलं, त्याच्या तोंडचा घास आपल्याच टापटिपीनं काढून घेतला, हे सुनेला सहन होईना.

"सुटले बाई," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, घरात आवाज खपवून घेत नसत. ट्रम्पेटला त्या रेकणं म्हणत, आणि एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या एकाही कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या. रोज दुपारी दोन ते चार त्यांचं डोकं दुखायचं. त्या खोलीला आतून कडी लावायच्या आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, कानांना हेडफोन लावून, पत्ते खेळायच्या. दुखऱ्या डोक्यानं पत्ते कसे खेळता येतात हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या गुरुवारी दोन वाजले तरी कडीचा आवाज आला नाही. अडीचला सासूबाई मागच्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि काडेपेटीएवढी एक वस्तू टेबलावर ठेवली.

"तुझं काय असेल ते घे यातलं. बाकीच्याला हात लावायचा नाही."

डिस्कच्या कोपऱ्यावर सुनेनंच पाच वर्षांपूर्वी खुणेला लावलेला हिरवा ठिपका होता.

"आई, ही तुमच्याकडे?"

"तुझ्या फळीवर रिकामी पडली होती."

"रिकामी? तीनशे जबडे होते यात!"

"मी कशाला कुणाच्या जबड्यात बघायला जाऊ?"

सुनेनं डिस्क जोडली. जबडे एका बाजूला होते, जसेच्या तसे. त्यांच्याखाली दुसरी यादी होती. पुलाचं उद्घाटन. अग्निशमन सप्ताह. निरोप समारंभ. दोनशे चौदा ध्वनिफिती, सगळ्यांत ट्रम्पेट. शेवटची उघडली होती बुधवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. तिच्या आधीची मंगळवारी, दोन वाजून पाच मिनिटांनी.

"बँडच्या कारकुनाकडून मागून आणलं," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "घरात वाजवतात तेव्हा बंद करा म्हणून ओरडावं लागतं. यात मला पाहिजे तेव्हा बंद करता येतं."

"आणि करता?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं वरच्या कवळीची फाईल उघडली. सहाच्या सहा दात जागेवर, दोन पुढच्यांमधली बारीक फटसुद्धा. पाच वर्षं रोज दोन तास वीज मिळालेली डिस्क. तिला पुसट व्हायला सवडच मिळाली नव्हती.

"मी बाबांना उगाच बोलत राहिले," ती म्हणाली.

"त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इतर गोष्टींसाठी ते बोलणी खायच्या लायकीचे होतेच." सासूबाई दारापाशी थांबल्या. "आणि त्यांना कळता कामा नये. सर्जननं काढून दिलं म्हणून सांग."

शुक्रवारी प्रिंटर दिवसभर चालला. संध्याकाळी अस्तर बसवून सुनेनं कवळी सासऱ्यांच्या तोंडात दिली. त्यांनी पेटी उघडली, एक फुंकर मारली, आणि त्यांचे डोळे पाच वर्षांपूर्वीसारखे मोठे झाले.

शनिवारी नव्या केंद्राच्या पटांगणात सासरे एकटे पुढे उभे राहिले. सासूबाई पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं, कानांत कापसाचे बोळे घालून बसल्या होत्या. धून सुरू झाली तेव्हा त्यांनी पदराशी चाळा केल्यासारखं करून डावा बोळा हळूच काढला, मग उजवा. सुनेनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सासऱ्यांनी वरचा सूर घेतला तो असा लख्ख लागला की अग्निशमनवाले टाळ्या वाजवायचंच विसरले.

घरी आल्यावर सासरे बूट न काढता खुर्चीत बसले. कसं झालं हे विचारायची हिंमत नव्हती, म्हणून नुसते बघत होते.

"ठीक होतं," सासूबाई म्हणाल्या. "शेवटचा सूर मात्र घाईनं सोडलात. पुलाच्या उद्घाटनाला चांगला सात मोजेपर्यंत धरला होतात."

"हो, तिथे जरा..." सासरे म्हणाले आणि थांबले. "पुलाच्या उद्घाटनाला तू आली नव्हतीस."

सून पाणी आणायला गेली आणि आतच उभी राहिली.

"निरोप समारंभालासुद्धा तुम्ही..." सासूबाई बोलून गेल्या आणि त्यांनाच कळलं. त्यांचे कान लाल झाले. दोनशे चौदापैकी आणखी कुठली तरी तोंडातून निघायच्या आत त्या उठल्या. "माझं डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. दार लोटलं, पण कडी वाजली नाही.

सासऱ्यांनी त्या न लागलेल्या कडीकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढले आणि सुनेला म्हणाले, "माझंही जरा दुखतंय गं." आणि हळूच दार ढकलून ते आत गेले.