पुरवणी प्रश्न

जयवंतीबाई राज्यसभेत गेल्या, त्या पक्षातल्या दोन गटांच्या भांडणामुळे. एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना, तेव्हा जिल्हा परिषदेत दोनदा निवडून आलेली आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली गास गावची ही निवृत्त मास्तरीण दोघांनाही चालली. पेपरात फोटो आला तेव्हा थोरला भाऊ बळीराम म्हणाला, "जया, आता तरी त्या भरावाचं बघ."

भराव म्हणजे खाडीच्या कडेने बांधलेल्या नव्या रस्त्याचा. रस्ता दिल्लीच्या एका खात्याने बांधला. खाली मोऱ्या ठेवल्या इतक्या थोड्या की पावसाचं पाणी खाडीत उतरायची वाटच बुजली, आणि उधाणाचं पाणी एकदा आत शिरलं की चार-चार दिवस हलायचं नाव घेईना. बळीरामच्या भातशेतीत आता लव्हाळं माजत होतं. घराच्या ओटीवर दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी चढत होतं.

बाईंनी खरंच बघितलं. पाच वर्षं प्रत्येक अधिवेशनात त्यांनी लेखी प्रश्न टाकला आणि पाच वर्षं छापील उत्तर आलं, की पाणी साचण्याचा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे. राज्याकडे जावं तर ते म्हणत, रस्ता केंद्राचा. सभागृहात इतर खासदार आपापल्या पक्षासाठी घसा कोरडा करत, आणि बाई मोऱ्या, मोऱ्या करत बसत. मागच्या बाकावरचा एकजण त्यांना हसून 'मोरीवाल्या ताई' म्हणायचा. बाईही हसायच्या.

शेवटच्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात सोडतीत त्यांचा प्रश्न वर आला. तारांकित, म्हणजे मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येणार. बाईंनी गासला फोन केला. बळीरामच्या घरात टीव्हीसमोर अर्धी आळी जमली. पुतळाबाई वहिनींनी चहाचं पातेलं चढवलं.

बाराच्या ठोक्याला प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. बाईंची पाळी आली. मंत्र्यांनी लेखी उत्तर वाचलं. बाई उठल्या. "माझ्या भावाच्या घरात दर जुलैत पाणी शिरतं. शेजारच्याही घरात शिरतं. मोऱ्या वाढवणार की नाही, एवढंच सांगा."

मंत्री सभ्य माणूस होता. म्हणाला, "सन्माननीय सदस्यांची भावना मी समजतो. पथक पाठवून तपासून पाहू."

बाई दुसऱ्या पुरवणीसाठी उभ्या राहिल्या, तोच समोरच्या बाकांवर कसल्याशा दुसऱ्याच विषयावरून गदारोळ उठला. माईक बंद झाला. कामकाज तहकूब. पण गासमध्ये तोवर फटाके लागले होते. बळीराम फोनवर रडत होता. "सगल्या देशासमोर बोलला गं तो! पथक येनार!"

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला जातो का, हे बघायला एक समिती असते, आश्वासन समिती. बाई तिच्या सदस्य होत्या. त्यामुळे त्यांनाही वाटलं, हा शब्द आता आपल्या हातातून निसटत नाही.

एप्रिलच्या शेवटी समितीची बैठक लागली. खात्याचे सहसचिव फाईल घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "आश्वासनाची पूर्तता झाली आहे. पथकाने पाहणी केली. भराव नियमानुसार आढळला."

बाईंना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कधी केली पाहणी?"

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत तिथे पाणी कुठून दिसणार? गावात कोणाला भेटलं तुमचं पथक?"

"भेटण्याचं आश्वासन नव्हतं, मॅडम. तपासून पाहण्याचं होतं. तपासलं."

टेबलाभोवती कोणीतरी खोकलं. अध्यक्ष वयस्कर होते, बाईंना धाकट्या बहिणीसारखं वागवायचे. त्यांनी चष्मा काढला. "ताई, मंत्र्यांनी मोऱ्या वाढवू असं कुठे म्हटलंय? दाखवा, मी आत्ता यांना उभं करतो."

बाईंनी कामकाजाची छापील प्रत पुन्हा वाचली. तसं कुठेच नव्हतं. त्यांनी बराच वेळ बाजू मांडली, नकाशा पसरला, घरांचे फोटो पुढे केले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, तुमच्या समाधानासाठी पुढच्या बैठकीत पुन्हा बघू." आणि उठता उठता, "अहवाल सभागृहात जाईपर्यंत इथलं बोलणं बाहेर जाता कामा नये, हे तुम्हाला सांगायला नकोच."

मे महिन्यात त्या गासला आल्या तेव्हा घरात वाद पेटला होता. बळीरामच्या मुलाने, चिरागने, विरारला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. पाऊस लागायच्या आत आईवडिलांनी तिकडे यावं असा त्याचा हट्ट. "आत्या, तूच सांग यांना. आईला शुगर आहे, पायाला जखम झालीय. तिला त्या पाण्यात ठेवायचं का?"

बळीराम हटेना. "पथक आलं आनि घराला कुलूप दिसलं, तर? म्हनतील हितं कोन रातंच नाय, पानी कोनाच्या घरात जातं? जया, तू सांग. कंदी येनार पथक?"

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. पुतळाबाई तर नणंदेने आता तारीखच सांगावी अशा बघत होत्या. बाईंच्या ओठांवर आलं होतं, दादा, पथक येऊन गेलं. पण समितीचा नियम होता, सहा वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता, आणि पुढची बैठक व्हायची होती. तिथे काही तरी होईल असं त्यांना वाटत होतं, की वाटून घ्यायचं होतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"विषय अजून संपला नाही, दादा," त्या म्हणाल्या.

"बघ!" बळीराम चिरागला म्हणाला. "संपला नाय अजून."

पुढची बैठक झालीच नाही. जुलैच्या सुरुवातीला बाईंची मुदत संपली. पक्षाने पुन्हा नाव दिलं नाही. निरोपाच्या भाषणात सभापतींनी त्यांच्या प्रश्नोत्तराच्या तासातल्या चिकाटीचं कौतुक केलं, सदस्यांनी बाकं वाजवली. त्याच आठवड्यात उधाण आणि पाऊस एकत्र आले आणि गासची ती आळी पाण्याखाली गेली. तीन दिवस रिक्षा नाही, बोट नाही. पुतळाबाईंची जखम त्या पाण्यात भिजत राहिली. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल म्हणून सांगितलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाई बळीरामजवळ बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारी, सहसचिव, कामकाजाची प्रत, नियम.

बळीराम म्हणाला, "म्हंजे मी तुला विचारलं, तवा तुला ठाऊक व्हतं."

"हो, दादा."

"मी तिला नेली असती गं विरारला. त्याच दिशी नेली असती."

तो ओरडला नाही, रागावलाही नाही. उठून आत गेला. त्यानंतर बाईंशी तो कामापुरतंच बोलू लागला.

बाईंनी हात टेकले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या नव्या सदस्याच्या घरी जाऊन बसल्या, नकाशा दिला, प्रश्न स्वतः लिहून दिला. त्याने भिडेखातर टाकला. हिवाळ्यात उत्तर आलं. ते घेऊन बाई विरारला गेल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्या दिवाळीपासून पुतळाबाई खाली उतरल्या नव्हत्या. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं, तेवढंच.

"काय म्हनाला?" पुतळाबाईंनी विचारलं.

बाईंनी कागद वाचला. भागाची पाहणी पूर्वीच झाली असून आश्वासनाची पूर्तता करण्यात आली आहे, सबब पुढील कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.

"उद्भवत नाही म्हंजे?"

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंनी कागदाची घडी घातली. आतल्या खोलीत बळीरामने टीव्हीचा आवाज वाढवला.

"म्हंजे काय गं, जया?"

"विचारायचं काही उरलं नाही, असं म्हणतात, वहिनी."

पुतळाबाईंनी मांडीवरची गोधडी जिथे पाय संपत होता तिथपर्यंत ओढून घेतली. "बस. चहा सांगते सुनेला," त्या म्हणाल्या. बाई बसल्या. चहा आला. बळीराम काही बाहेर आला नाही.