सी-सातमधली न राहणारी माणसं

बुद्धभूषणला सोलापुरातल्या एका विद्यापीठात ग्रंथपालाची नोकरी लागली आणि आवारातलं सी-सात हे क्वार्टर मिळालं. त्याची आई मीनाबाई सांगोल्याहून पाट्या-वरवंट्यासकट राहायला आली. पहिल्याच दिवशी मोरीचा नळ तिच्या हातात आला.

तक्रारीला लेखी उत्तर आलं: सी-सात राहण्यास अयोग्य ठरल्याने तिथे कोणी राहत नाही, सबब, न राहणाऱ्यांचा नळ दुरुस्त होत नाही. किल्ली देणारं खातं वेगळं, अयोग्य ठरवणारं वेगळं.

दर महिन्याला मात्र बांधकाम विभागाचे घोडकेसाहेब घर रिकामं असल्याची खात्री करायला न चुकता येत. ऐसपैस मांडी घालून मीनाबाईच्या हातची कडक भाकरी शेंगाचटणीशी खात आणि तोंड पुसून लिहीत, 'घर रिकामे. मनुष्यवस्ती नाही.' वर म्हणत, "चटणी मागच्या खेपेपेक्षा झणझणीत झालीय बरं का!"

चौथ्या महिन्यात त्यांनी असाच शेरा लिहिला, सही ठोकली आणि हात धुवायला मोरीत गेले. मीनाबाईने पाण्याला निघाल्यासारखी घागर उचलली, पायात चपला सरकवल्या आणि बाहेरून कुलूप घातलं.

ती जिन्याशी पोचते तोच आतून दार धडधडू लागलं. "अहो मावशी, मी आत आहे!"

"आसं कसं?" मीनाबाई जिना उतरता उतरता म्हणाली. "आत कुणी न्हाय म्हणून आत्ताच तुमी सही केली की. साहेबाची सही खोटी पाडू व्हय मी?"